पोत्यामागे दहा रुपये

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून मी माझ्या बापाला लुटारू म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. सगळं गाव ऐकत होतं. मी सातवीत होते. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे मारणाऱ्या नावाड्यांच्या, आठ घरांत धडधड वाचता येणारी मी एकटीच. म्हणून ते काम माझ्या वाट्याला आलं.

कागद गुरुजींनी लिहिला होता. त्यांचं अक्षर फार सुंदर. शाळेत तेच अक्षर गिरवून मी हुशार ठरले होते.

"वाच," गुरुजी म्हणाले. "तुह्या बापाले समजलं पाह्यजे, अंगठा कशावर देऊन राह्यला ते."

मी वाचलं. 'मी, जातीनं ढिवर, राहणार याच गावचा. मी पुरात अडलेल्या गावकऱ्यांची लूट केली. ही माझी चूक आहे. मी गावाची व शेठजींची माफी मागतो. यापुढे डोंग्याचा भाव करणार नाही.'

'लूट' या शब्दाशी माझा आवाज बसला. पोलीस पाटील खुर्चीतून म्हणाले, "जरा जोरानं, पोरी. मागच्याले आयकू नाई येऊन राह्यलं."

मी पुन्हा वाचलं, जोरानं.

बाप ओट्याखाली चिखलात उभा होता. अंगावर एक ओला पंचा. आमची दोन्ही वल्ही पाटलांच्या खुर्चीखाली आडवी ठेवली होती. अंगठा दिल्याशिवाय ती मिळणार नव्हती, आणि वल्ह्यांशिवाय नदी ओलांडता येणार नव्हती. नदीच्या त्या अंगाला, एसटीच्या पत्र्याच्या निवाऱ्यात माझी माय पडली होती. तिच्या पोटात बाळ आडवं आलं होतं. म्हणून मी भराभर वाचलं. मध्ये एक प्रश्न विचारला नाही. लवकर संपावं, एवढंच डोक्यात होतं.

लोक म्हणतात, तू तेव्हा लहान होतीस. होते लहान. पण कागदावर खोटं लिहिलं आहे हे मला कळत होतं. ते कळत असताना मी वाचलं. आज हे सांगायला बसले आहे ते त्यासाठीच.

आमचं गाव नदीच्या वेढ्यात. तीन बाजूंनी नदी, चौथीकडे जंगल. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पार होते. पावसाळ्यात फक्त डोंगा. मोहाचं एक आख्खं खोड कोरून केलेली अरुंद नाव, तिला आम्ही डोंगा म्हणतो. गावात डोंगे दोनच, दोन्ही बापाकडे. ओझं जास्त असलं की तो दोन्ही शेजारी शेजारी बांधायचा आणि वर बांबूचं तट्टं टाकायचा. मी मागे बसून आत आलेलं पाणी डब्यानं उपसायचे.

डोंग्याची मजुरी रोख नसायची. धान निघालं की दर घरामागं एक पायली धान आमच्याकडे यायचं. त्या एका पायलीत वर्षभर कोणीही, कधीही, कितीही वेळा. भर पुरात कोणी काठावरून हाक मारली तरी डोंगा काढायचाच. आणि पुरात भाव करायचा नाही, हा माझ्या आज्यानं घालून दिलेला नेम. नेम चांगला होता. मी आजही त्याला नावं ठेवत नाही.

शेठजीसुद्धा एक पायलीच द्यायचे. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान त्यांचं. मिठापासून रॉकेलपर्यंत सगळा माल आमच्या डोंग्यातून यायचा. वर्षातून दोनदा बाजाराला जाणाऱ्या एकट्या बुढीची एक पायली आणि शेकड्यानं पोती आणणाऱ्या शेठजींचीही एक पायली. यात काही चुकतं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. बापालाही नाही.

बाहेरून बांबूचे ठेकेदार यायचे, ते मात्र रोख द्यायचे. त्यांच्यासाठी वेगळा नेम होता. जे बोलायचं ते काठावर बोला, डोंग्यात पाय ठेवला की बोल पक्का. मजुरी ऐकून माणूस डोंग्यात चढला म्हणजे त्याला ती मान्य. त्याला ना कागद लागायचा ना साक्षीदार. आमच्या लोकांत ही गोष्ट इतकी पक्की की बापाला वाटायचं, सगळं जगच असं चालतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पूर आला आणि सहा दिवस उतरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींचं मीठ संपलं. आता हे जरा नीट सांगू द्या, कारण यातच सगळी मेख आहे. शेठजींनी भाव वाढवला असं गावात कोणी कधी ऐकलं नाही. ते भाव वाढवायचेच नाहीत. ते माल संपवायचे. बाई दुकानात गेली की कपाळाला हात लावायचे. "मीठ नाई ना बाई. एवढा पूर, मी तरी काय करू?" बाई तिथेच घुटमळायची. मग आवाज खाली यायचा. "घरच्यासाठी एक पुडं ठेवलं होतं. तुह्यासाठी काढून देतो. आठ रुपये पडन. कोणाले सांगू नको." आठवड्यापूर्वी तेच पुडं दोन रुपयांना होतं. बाई आठ रुपये द्यायची आणि वर हात जोडून यायची. माझी मायही तशीच हात जोडून आली होती. पोटुशी, नववा महिना. म्हणाली, "देवमाणूस हाय. घरचं काढून देल्लं." गावातल्या प्रत्येक घराला वाटत होतं की शेठजींनी आपल्यावरच उपकार केला. कोणी कोणाला सांगितलं नाही, म्हणून कोणी मोजलं नाही.

पाचव्या दिवशी मायला कळा सुरू झाल्या. सहाव्या दिवशी सकाळपर्यंत ती मोकळी झाली नाही. माझी आत्या गावची सुईण. तिनं मायच्या पोटावरून दोनदा हात फिरवला आणि बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच बाप उठून उभा राहिला.

"भाऊ, पोर आडवं हाय," आत्या म्हणाली. "माह्या हातचं काम नाई. गडचिरोलीले नेलं पाह्यजे."

आम्ही मायला तट्ट्यावर निजवलं. आत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाप पुढे वल्हं घेऊन, मी मागे डबा घेऊन. पाणी लाल होतं, झाडं मुळांसकट वाहत येत होती. बापानं डोंगा आधी काठाकाठानं बराच वर नेला आणि मग धारेत सोडला, म्हणजे वाहत वाहत तो बरोबर पलीकडच्या घाटाला लागतो. माय ओरडत नव्हती. तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता.

पलीकडे एसटी बंद होती. एक जीप उभी होती. इतर दिवशी आख्खी जीप केली तर साठ रुपये. त्या दिवशी जीपवाल्यानं तीनशे सांगितले.

"रस्ता पाह्यला का भाऊ?" जीपवाला म्हणाला. "दोन नाल्याइवरून पाणी चाललं आहे. गाडी वाहून गेली तं मले कोण देईन?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. नाल्यांवर पाणी होतंच. पण जोखीम कितीची आणि आमच्या अडण्याचे किती, हे त्यानं वेगळं करून सांगितलं नाही. बापानं हात जोडले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बारापर्यंत थांबतो. मंग दुसरी सवारी भेटली तं मी जाईन."

बापाच्या कमरेला साठ रुपये होते. सुक्या मासळीचे.

आणि घाटावर शेठजी उभे होते. दोन दिवसांपूर्वी बापानंच त्यांना पलीकडे सोडलं होतं. आदल्या दिवशी ट्रकनं आणलेली चोवीस पोती ताडपत्रीखाली रचलेली. मीठ, कांदे, गूळ. आम्हाला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं आलास. लाव डोंगा," ते म्हणाले. मायकडे त्यांनी पाहिलं, मग नजर वळवली.

बापानं आयुष्यात पहिल्यांदा गावच्या माणसाला मजुरी सांगितली. सगळ्यांसमोर सांगितली. त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"शेठजी, माह्यी बाई अडली हाय. जीपले तीनशे लागते. माह्याजवळ साठ हायेत. पोत्यामागं दहा रुपये द्या, आजच्या रोज. माणसाचे नाई मागत. तुमचे नाई, कोणाचेच नाई. पोत्याचे मागतो. औंदाचं धान नका देऊ."

शेठजींनी आभाळाकडे पाहिलं. "पाणी वाढून राह्यलं. चल, लाव लवकर," असं म्हणाले आणि डोंग्यात पाय ठेवला.

बापाचा चेहरा उजळला. आत्याला म्हणाला, "झालं काम."

"भाऊ, पैसे आधी घे," आत्या म्हणाली.

बाप तिच्यावर चिडला. "पाय ठेवला ना त्यायनं!"

तीन खेपा केल्या. एका खेपेला आठ पोती. दोन्ही डोंगे कडेपर्यंत पाण्यात. मी पाणी उपसत होते आणि हाताला फोड येऊन फुटत होते. बाप श्वास घ्यायलाही थांबला नाही. प्रत्येक खेपेला पलीकडे पोचलं की तो निवाऱ्याकडे धावत जायचा, मायला पाहायचा आणि धावत परत यायचा. दुसऱ्या खेपेला मीही गेले. मायनं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. पोती भरायची होती.

तिसरी खेप आमच्या गावाच्या काठाला लागली तेव्हा सगळं गाव घाटावर जमलं होतं. सहा दिवस मीठ चिमटीनं मोजून खाणारी माणसं. मीठ आलं म्हणून पोरं नाचत होती. बापानं शेवटचं पोतं खांद्यावरून उतरवलं आणि शेठजींसमोर हात केला. "द्या शेठजी. बारा होत आले."

शेठजी बापाशी बोललेच नाहीत. ते गावाशी बोलले.

"पाहा," ते म्हणाले, "हा ढिवर गावाच्या मिठावर पैसे मागून राह्यला. पोत्यामागं दहा रुपये. तिकडं मले अडवलं, नाई म्हटलं असतं तं तुमचं मीठ तिथंच भिजलं असतं. आता समजलं का, मीठ महाग काऊन झालं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. पण गावानं ते ऐकलं आणि सगळ्या माना बापाकडे वळल्या. आठ रुपये देऊन ज्या बायांनी हात जोडले होते त्याच म्हणाल्या, बापरे, दहा रुपये! एक जण म्हणाला, "मासे मारायची जात. आता भाव करायले लागली." दुसऱ्यानं डोंग्यातून वल्ही उचलली. बाप सांगत होता, माह्यी बाई तिकडं हाय. तो ते चार-पाच वेळा म्हणाला. कोणी तरी म्हणालं, "हो हो, सोडतो. आधी पंचायतीत चल."

मीठ गावाला लागतं. त्यामुळे मिठावर हात ठेवणारा गावाचा वैरी. हे एवढं सोपं करून शेठजींनी गावाच्या हातात दिलं. आणि बापाची चूक कोणती, तर त्यानं भाव उघड सांगितला. शेठजींसारखं म्हणाला असता, डोंगा फुटला आहे, चालत नाही, आणि मग हळूच कानात, तुमच्यासाठी काढतो पण एवढे पडतील, तर शेठजींनी मुकाट्यानं दिले असते. कदाचित आभारही मानले असते.

ओट्यावर बापानं फार वेळ घेतला नाही. "काय म्हणायचं ते म्हणतो, मले जाऊ द्या," म्हणाला. गुरुजींनी तरी पूर्ण पान लिहिलं. मी वाचलं. बापानं अंगठा दिला. शेठजींच्या पायावर डोकं टेकवायला सांगितलं, तेही त्यानं टेकवलं. मग वल्ही मिळाली. पैसे मिळाले नाहीत.

आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा जीप गेलेली होती.

आत्या म्हणाली, "चार सवाऱ्या भेटल्या त्याले, माणशी पंच्याहत्तर. मी पाय धरले. म्हणे, पोटाले मलेबी लागते."

बापानं लुगड्याची झोळी केली आणि बांबूला बांधली. पुढे तो, मागे आत्या आणि मी. पुढचं गाव दोन कोसांवर. तिथे नर्सबाई राहते असं ऐकलं होतं. पाऊस चालूच होता. मायचं अंग बर्फासारखं गार आणि झोळीतून टपटप गळणारं पाणी लाल. पहिल्या नाल्याशी तिनं डोळे उघडले.

"पैसे भेटले का?" तिनं विचारलं.

"हो. भेटले," बाप म्हणाला.

त्यानंतर ती काही बोलली नाही. नाल्याच्या पाण्यात, कमरेइतक्या खोलीत, झोळी डोक्याच्या वर धरलेली असताना आत्यानं मागून बापाला थांब म्हटलं. बाप थांबला नाही. पलीकडे चढला, आणखी बरंच अंतर चालला. मग खाली बसला. माय गेली होती. आतलं बाळ तिच्यासोबतच गेलं. भाऊ की बहीण तेही आम्हाला कळलं नाही.

मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते समजत नव्हतं, म्हणून मी स्वतःचाच केला. मी तिचा हात सोडवून घेतला होता, हे मला रात्रंदिवस टोचायचं. अजूनही टोचतं. मी देवाला मागायचे की मला पण ने. जेवण जायचं नाही. बाप नदीकडे तोंड करून बसायचा आणि कोणी हाक मारली की उठून डोंगा काढायचा. कागदावर अंगठा होता ना त्याचा.

दहाव्याला शेजारची बाई मीठ घेऊन आली. आमच्या घरात नव्हतं. ती सहज म्हणाली, "नऊ रुपयाचं झालं वं पुडं. शेठजी म्हणे, डोंग्याचा खर्च लागला."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. डोंग्याचा खर्च लागला. जो दिलाच नाही तो खर्च.

पाटी घेतली. गुरुजींनीच शिकवलेलं गणित. एका पोत्यात पन्नास पुडी. दोनचं पुडं आठला, म्हणजे पुड्यामागं सहा जास्त. पन्नास गुणिले सहा. तीनशे. मिठाच्या एका पोत्यातच जीपचे तीनशे निघत होते. माझी माय एका पोत्याची होती. मी ती पाटी बापाला दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. मी तोंडानं सांगितलं. तो म्हणाला, "पुसून टाक." मी पुसली, पण तोपर्यंत माझ्यातलं काहीतरी जागं झालं होतं. तोवर मला वाटत होतं की आमचं नशीब फुटकं. त्या दिवशी कळलं की हे कोणीतरी केलं आहे, हिशोबानं केलं आहे, आणि वरून माझ्याच तोंडून माझ्याच बापावर घातलं आहे.

महिन्याभरानं पुन्हा पूर आला.

पलीकडच्या घाटावर चार माणसं होती. तापलेलं लेकरू घेतलेली एक बाई, एक म्हातारा, गुरुजी आणि शेठजी. शेठजींची मिठाची दहा पोती. बाप मुकाट्यानं पोती उचलायला वाकला. मी डोंग्यात उभी राहिले.

"माणसं बसा," मी म्हटलं. "पोते नाई."

आधी कोणाला कळलंच नाही. मग शेठजी हसले. "काऊन वं? तुह्या बापानं अंगठा देल्ला आहे."

"त्यानं देल्ला. मी नाई देल्ला."

गुरुजी म्हणाले, "पोरी, पुरात भाव करायचा नाई. तूच तं वाचलं होतं."

"भाव नाई करून राह्यली, गुरुजी. बसा तुम्ही. फुकट नेतो."

गुरुजी बसले. काय करतील, घरी जायचं होतं. बाई लेकरू घेऊन बसली, म्हातारा बसला. बाप माझ्याकडे पाहून म्हणाला, "गप्प बस." त्यानं एक पोतं उचलून तट्ट्यावर ठेवलं. मी ते ढकलून काठावर उतरवलं. एवढी ताकद माझ्यात कुठून आली ते मला माहीत नाही.

शेठजींनी बंडीच्या खिशात हात घातला. "किती पाह्यजे? दहा ना? घे. शंभर रुपये. ने."

महिन्यापूर्वी त्यांच्याकडे असेच पैसे होते. याच खिशात असतील. माझे डोळे भरून आले आणि मला त्यांची लाज वाटली, आमची नाही.

"पैसे नको," मी म्हटलं. "पुडं दोन रुपयाले विकतो म्हणा. या लोकाइसमोर म्हणा. सगळे पोते फुकट नेतो."

"तू कोण भाव ठरवणारी? बाजारभाव आहे तो."

"मंग बाजारच नेईन तुमचे पोते."

मी दोर सोडला. धारेनं डोंगा ओढला आणि बापाला वल्हं धरावंच लागलं. काठावर शेठजी काय ओरडत होते ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. गुरुजींनी आख्ख्या वाटेत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आता कोणी म्हणेल, शाब्बास. थांबा. त्या पुरात गाव चार दिवस अळणी राहिलं. शेठजींचं मीठ पावसात विरघळून गेलं आणि गावानं ते माझ्या नावावर टाकलं. बाया दारात येऊन शिव्या देऊन गेल्या. त्यांची पोरं अळणी भात थुंकत होती, त्यांचंही खोटं नव्हतं. धान निघालं तेव्हा सत्तर घरांपैकी अकरा घरांनी पायली दिली. शाळेत मला मागे बसवलं, मग मी जाणंच सोडलं. बापानं मला कधी शाबासकी दिली नाही. उलट एकदा जेवताना म्हणाला, "तू तोंडचा घास काढला माह्या." खरंच काढला होता. तो वडशाला गेला, धानाच्या गिरणीत हमाली केली आणि तिथेच खोकून मेला. पुन्हा डोंग्याला त्यानं हात लावला नाही.

आज मी आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. नदीवर पूल झाला. ठेंगणा आहे, दर पावसाळ्यात बुडतो. शेठजी वारले. एका दुकानाची पाच दुकानं झाली, जीपा वीस झाल्या. पूर आला की आजही माल संपतो आणि आजही कोणाच्या तरी कानात भाव सांगितला जातो.

मीसुद्धा भाव वाढवते. लपवत नाही. थंडीत गावोगावी झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस आले, वडशाकडून पाहुणे आले, मागणी वाढली की माझी झिंग्याची पायली महाग होते. माझ्या नात्यातली एक बाई म्हणते, मग तुझ्यात आणि शेठजीत फरक काय? विचारते ते बरंच आहे. मी यावर पुष्कळ डोकं फोडलं आहे. शिकलेल्या माणसांना मागणी-पुरवठा म्हणताना ऐकलं आहे. मला एवढंच कळतं. माझ्यासमोरून गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. नको तुझी मासळी, म्हणू शकतं, शेजारच्या टोपलीशी जाऊ शकतं. ज्याला उठून जाता येतं त्याच्याशी खुशाल भाव करावा. माझी माय निवाऱ्यातून उठून जाऊ शकत नव्हती. अशा माणसाला भाव सांगतात तेव्हा मालाची किंमत होत नसते, त्याच्या जिवाची होते. आणि ती कानात सांगितली जाते, कारण सांगणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

म्हणून पूर आला की मी टोपली बंद करते आणि दुकानासमोर जाऊन उभी राहते. प्रत्येक दुकानासमोर. मीठ केवढ्याला, तेल केवढ्याला, मोठ्यानं विचारते. आधी केवढ्याला होतं तेही मोठ्यानं सांगते. नाही म्हणाले तर, मघाशी त्या बाईला कुठून काढून दिलं, ते विचारते. जीपवाल्यांनाही विचारते, जोखमीचे किती आणि अडण्याचे किती. वेडी म्हणतात. दोनदा टोपली नालीत फेकली. बाजारातली माझी सावलीतली जागा काढून घेतली, आता मी उन्हात बसते. आज सकाळीच एक दुकानदार गोड बोलून म्हणाला, "बाई, तुमच्या घरी मीठ पोचवतो ना, रोजच्या भावानं. काऊन बोंबलता?"

मी त्याला म्हटलं, माझ्या घरचं नको. बाहेर ये. इथे सगळ्यांसमोर भाव सांग. तो आत गेला आणि अर्धं शटर ओढलं.

पूल काल बुडाला आहे. दुकानदार अजून आतच बसला आहे. मी पायरीवर बसले आहे. माझ्या मागे सहा बाया पिशव्या घेऊन उभ्या आहेत, त्यातल्या दोघी मला शिव्या देत आहेत, देऊ द्या. मी काही विकत घ्यायला आलेली नाही. तो बाहेर येऊन मोठ्यानं भाव सांगेपर्यंत मी इथून उठणार नाही.